क्रेनवरून उतरलेला गुलाबभाऊ

आमच्या घरात देवाचे आभार मानायची रीत नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ती सोडली, ती सोडलीच. त्यामुळे मन भरून आलं की आभार माणसांचेच मानावे लागतात, आणि माणसं भारी अवघडतात. डॉक्टरीणबाईंना हात जोडले तर त्या मोबाइलमध्ये बघायला लागल्या. भीमावहिनीला काही म्हणायला गेले तर ती म्हणाली, "कुकर बंद करा बाई, डाळ लागून राहिली." म्हणून शेवटी हे लिहायला बसले. कागद बिचारा मध्येच उठून तर जात नाही.

गुलाबभाऊ माझा थोरला भाऊ. आमचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात आले आणि रायपूरचेच होऊन राहिले. मी शिकून सरकारी कचेरीत चिकटले. भाऊचं पुस्तकाशी कधी जमलं नाही. तो रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका स्टील कारखान्यात लागला आणि तिथे क्रेन चालवायला शिकला. उंच शेडच्या छताखाली रुळांवरून ती क्रेन सरकते, तिच्या पोटाशी एक काचेची खोली असते आणि त्या खोलीत माझा भाऊ. खाली वितळलेल्या लोखंडाने भरलेली लॅडल, म्हणजे माणूस उभा मावेल एवढी बादली. ती उचलायची, न्यायची, साच्यांवर नेमकी धरायची. घरी पाण्याचा ग्लास आणताना निम्मं सांडणारा हा माणूस तिथे थेंब सांडू देत नाही, असं त्याच्या कारखान्यातले लोक सांगायचे. मी काही पाहायला गेले नाही. मला उंचीची भीती वाटते आणि भट्टीचीही.

त्या शेडमध्ये आवाज एवढा, की ओरडून काही कळत नाही. म्हणून क्रेनवाला आणि खालचा माणूस हातांनी बोलतात. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. दोन्ही हात पसरले की आहे तिथे थांब. आणि एक हात खूण करत असताना दुसऱ्या हाताचा तळवा त्यावर स्थिर धरला, की हळू. वर्षानुवर्षं हेच करून भाऊचे कान अर्धे गेले आणि ही भाषा आमच्या घरात आली. त्याला पाणी हवं असलं, जेवण वाढायचं असलं, पंखा कमी करायचा असला, तोंड म्हणून उघडायचा नाही. एकदा आमच्या नात्यातल्या लग्नात वाढप्याने भात आणला तर याने पंगतीत दोन्ही हात पसरले. वाढपी घाबरून पळाला, मुलीच्या बापाला वाटलं गुलाबराव रुसले, आणि अर्धा मांडव त्याची समजूत काढायला आला. हा आपला शांतपणे वरण ओरपत बसला होता.

भीमावहिनी तुमसरची. लग्न होऊन आली तेव्हा बोलायला तिखट आणि हाताला चपळ. घरी शिवणकाम करते. या नवऱ्याशी भांडायचं तर ओरडून उपयोग नाही हे तिने लवकर ओळखलं आणि त्याच्याच खुणा शिकून घेतल्या. मग ती स्वयंपाकघराच्या दारातून हातवारे करायची, तो खाटेवरून करायचा, आणि त्यांची पोरगी पायल मधोमध बसून अभ्यास करायची. भांडण कोण जिंकलं ते आम्हाला कधी कळायचंच नाही.

मंत्रालय नव्या रायपुरात हललं, त्या सुमाराची ही गोष्ट. मी शंकर नगरहून बसने तिकडे जायला लागले होते. रस्ते इतके रुंद की पलीकडे जायचं तर सोबत डबा घ्यावा, आणि चहाची टपरी औषधालाही नाही. त्या वैतागात मी असताना भाऊचं डोकं दुखायला लागलं. आम्ही म्हटलं, भट्टीची उष्णता. मग म्हटलं, पित्त. मग चष्मा बदलला. नव्या चष्म्यातूनही त्याला एकाच्या जागी दोन दोन दिसायला लागले, तेव्हा आम्ही चष्मेवाल्याला शिव्या दिल्या.

मग कारखान्यात एक दिवस खालच्या माणसाने 'उतरव' दाखवलं आणि भाऊने उचललं. लॅडल रिकामी होती, कोणाला काही झालं नाही. पण भाऊ स्वतःच शिडीने खाली आला आणि फोरमनला म्हणाला, "मले नका देऊ आता क्रेन. माहं डोकं मले सांगून काय राहिलं अन् हात काय करून राहिले, काही समजत नाई." घरी येऊन खाटेवर पडला. त्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या, ताप चढला, आणि पायलला तो माझ्या नावाने हाका मारायला लागला.

सरकारी मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, कमरेत सुई घालून कण्यातलं पाणी काढलं, आणि डॉक्टरीणबाईंनी मला आणि वहिनीला बाजूला बोलावलं. वयाने माझ्या भाचीहून थोड्याच मोठ्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी हिंदीतून सगळं नीट सांगितलं. भाऊला एचआयव्ही आहे. तो बरीच वर्षं आत असावा. त्याने शरीराची ताकद खाल्ली आहे आणि आता मेंदूच्या आवरणात बुरशी शिरली आहे. ती बुरशी कबुतरांच्या विष्ठेत असते, मातीत असते, आपण सगळेच ती श्वासातून आत घेतो, पण धडधाकट माणसाला काही होत नाही. मला त्या शेडच्या छतात घरटी करून राहणारी कबुतरं आठवली. भाऊ त्यांना डब्यातली पोळी टाकायचा.

एचआयव्ही कसा झाला, हा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी तो आपल्याजवळच ठेवावा. वहिनीची तपासणी झाली, तिला नव्हता. ती भाऊला काय बोलली किंवा नाही बोलली, ते मला ठाऊक नाही, आणि मीही विचारलं नाही. मी एवढंच पाहिलं, की तपासणीचा निकाल ऐकून ती बाहेर आली, नळावर तोंड धुतलं आणि भाऊच्या पायांना तेल लावायला बसली.

उपचार सुरू झाला. काळ्या कागदात गुंडाळलेली सलाईनची बाटली लागायची आणि ती चढायला लागली की भाऊ थंडीने कुडकुडायचा. एक मलयाळी सिस्टर होत्या, त्या प्रत्येक वेळी आधी त्याच्या कपाळावर हात ठेवायच्या, मगच नळी चालू करायच्या. त्यांना हिंदी धड येत नव्हती आणि भाऊला काही कळत नव्हतं, तरी हे चालायचं. तो हात काही औषधात मोजत नसतील. मी मोजते.

पण डोकेदुखी वाढत गेली. भाऊ बोलायचा थांबला. डोळे उघडे, पण नजर आमच्या आरपार. हातातली नळी उपटायचा, म्हणून त्याचे हात पट्टीने पलंगाला बांधले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्यात पाण्याचा दाब फार वाढला आहे, कमरेतून पुन्हा पाणी काढावं लागेल, आणि कदाचित रोजच्या रोज. आणि इथे आमचं घर आडवं आलं.

शामरावमामा आमच्या घरात वडीलधारे. रेल्वेतून निवृत्त झालेले, लग्न ठरवण्यापासून नळाच्या तोटीपर्यंत प्रत्येक गोष्टीत त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "कण्यातलं पाणी काढलं का मानूस लुळा होते. आमच्या यशवंतरावले कमरेत सुई देल्ली, मंग तो खाटेवरून उठलाच नाई. एक डाव काढलं ना? आता पुन्हा काहून?"

माझी म्हातारी माय पदर डोळ्याला लावून म्हणाली, "माह्या पोराले लंगडा नका करू वो."

"अम्मा, सुई से कोई लंगड़ा नहीं होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पानी नहीं निकाला तो पहले आँखें जाएँगी, फिर जान जाएगी."

मामा हलेनात. आमच्याकडे ही भीती घरोघर आहे, दर पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, कोणी ना कोणी असा लुळा झालेला ऐकिवात असतोच. तो आधीच्या आजाराने लुळा झाला की सुईने, हे विचारायची पद्धत नाही. मी कचेरीत फायलींवर शेरे मारणारी बाई, पण मामांपुढे माझा शेरा चालत नाही. पायल माझा हात धरून म्हणत होती, "बुआ, आप बोलो ना कुछ." सही वहिनीची लागणार होती. मामा तिच्याकडे बघून म्हणाले, "सही केली अन् लंगडा झाला, तर जनमभर तुलेच उचलाव लागन."

वहिनी उठली. "मी त्यायलेच विचारतो," म्हणाली.

"तो बोलून कुठी राहिला?" मामा म्हणाले.

वहिनी पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली, भाऊला सरळ दिसेल अशी. आधी तिने स्वतःच्या डोक्याला हात लावला. मग सिस्टरांना विचारून भाऊचा एक हात सोडला. तिने बोट वर करून फिरवलं. भाऊ नुसता पाहत राहिला. मग तिने बोट खाली केलं आणि फिरवलं. भाऊचा सुटलेला हात उचलला गेला. बोट खाली झालं आणि गोल फिरलं. पुन्हा फिरलं. आणि त्याचा बांधलेला दुसरा हात पट्टीला हिसके द्यायला लागला. सिस्टर धावल्या, त्यांना वाटलं पुन्हा नळी उपटतो आहे.

"सोडा, सोडा तो हात," वहिनी ओरडली. हात सोडला. भाऊने तो तळवा फिरणाऱ्या बोटावर आणला आणि स्थिर धरला.

"क्या कह रहे हैं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"उतारो, कह रहे हैं," वहिनी म्हणाली. "बहुत भार है, उतारो. धीरे उतारो." आणि तिने कागद ओढून सही केली. मामांकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाणी काढलं तेव्हा ते नळीतून जोरात आलं, असं डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. थोडं थोडं करून, हळूच, त्यांनी दाब उतरवला. त्या दिवशी उलटी झाली नाही. संध्याकाळी भाऊने डोळे फिरवून मायकडे पाहिलं, आणि ती नजर मायवर थांबली. शामरावमामा व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. पुढच्या वेळी सुईची वेळ झाली तेव्हा मामाच नारळपाणी घेऊन आले आणि म्हणाले, "पाणी काढतील तर आंगात पाणी पायजे ना." मामांनी माघार घेतलेली मी जन्मात एवढीच पाहिली, तेव्हा त्यांचेही आभार.

मग वेगळीच पंचाईत. वॉर्डातल्या दुसऱ्यांना एचआयव्हीच्या गोळ्या मिळत होत्या, भाऊला देत नव्हते. मला वाटलं गरीब म्हणून टाळतात, आणि मी सरकारी बाण्याने भांडायला गेले. डॉक्टरीणबाईंनी मला खुर्ची दिली. म्हणाल्या, शरीराचे झोपलेले शिपाई या गोळ्यांनी जागे होतात. डोक्यात बुरशी भरलेली असताना ते एकदम जागे झाले तर लढाई डोक्यातच होईल, सूज येईल, माणूस दगावेल. आधी बुरशी उतरू द्या, मग काही आठवड्यांनी गोळ्या. मी उठून घरी आले. एवढ्या गर्दीत एका भांडखोर बाईला खुर्ची देऊन समजावणारा माणूस मला कचेरीत कधी भेटला नाही.

गोळ्या सुरू झाल्या आणि बाईंनी सांगितलेली सूज थोडी आलीच. पुन्हा ताप, पुन्हा दवाखाना, पुन्हा सुई. या वेळी कोणी वाद घातला नाही. सुजेवरचं औषध दिलं, ती ओसरली, आणि भाऊ घरी आला. स्वतःच्या पायांनी चालत आला, हे माय अजून शेजारणींना सांगते.

पायांनी आला, पण डोक्याने आला की नाही ते कळेना. आम्ही बुरशीशी लढलो तेव्हा वाटलं होतं, जीव वाचला की झालं. घरी बसलेला तो माणूस गुलाबभाऊसारखा दिसायचा. बसवलं तिथे बसायचा. जेव म्हटलं की जेवायचा, आणि पुरे म्हटलं नाही तर पानाकडे पाहत राहायचा. पंखा बंद पडला तरी घामाने भिजत बसेल, पण हात हलवणार नाही. ज्या हातांनी सगळं घर चालायचं ते मांडीवर पडलेले असायचे. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ काढायला सांगितलं, तर त्याने सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले.

"सूजन से दिमाग थक गया है," बाई म्हणाल्या. "कुछ लौटेगा, कितना, मैं नहीं कह सकती. गोली एक भी मत छोड़िए और इनको खाली मत बैठने दीजिए."

वहिनीने ते शब्दशः घेतलं. सकाळी तांदूळ निवडायला द्यायची, दुपारी बटणं रंगाप्रमाणे लावायला द्यायची, भाजी चिरायला द्यायची. पायल त्याच्याशी लुडो खेळायची आणि मुद्दाम चुकीची सोंगटी हलवायची, तो पकडतो का पाहायला. कधी पकडायचा, कधी नाही. गोळीची वेळ झाली की घरातला जो कोणी असेल तो ओरडायचा आणि गोळी गिळेपर्यंत समोर उभा राहायचा. शेजारच्या कांताबाई विचारत, "रोज रोज कायच्या गोळ्या?" वहिनी म्हणायची, "डोक्याच्या. तुमाले पायजे का?"

हळूहळू उत्तरं बरोबर यायला लागली. नाव, महिना, मुख्यमंत्री, पायलची कॉलेजची शाखा, सगळं. घड्याळाचे आकडे गोलावर पसरले. मी खुशीत पेढे आणले. वहिनीने पेढा हातात घेतला, पण तिचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं वहिनी?"

"विचारलं का सांगते बाई. बराबर सांगते," ती म्हणाली. "पण स्वताहून काही विचारत नाई. मी घरात आली काय, गेली काय. एवढ्या महिन्यात मले एक गोष्ट विचारली नाई त्यायनं. मी का त्यायची नर्स आहो?"

मी डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, ते सगळ्यात शेवटी येतं, आणि काही जणांत येतच नाही. वहिनीला हे मी सांगितलं नाही. पण तिने माझ्या तोंडावरून ओळखलं असावं, कारण त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. बटणांचा डबा मात्र रोज त्याच्यापुढे ठेवत राहिली.

एका रविवारी आम्ही सगळे त्यांच्या घरी होतो. माय खाटेवर, मी आणि पायल टीव्हीपुढे, भाऊ जमिनीवर बसून भेंडी चिरत होता. वहिनी स्वयंपाकघरातून ये-जा करत होती. ताटं ठेवली, पाणी ठेवलं, लोणच्याची बरणी आणायला पुन्हा वळली.

"भीमा," भाऊ म्हणाला.

वहिनी थांबली. आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण हाक कोणी मागितलेली नव्हती.

"काहून लंगडून राहिली तू?"

मायने माझ्याकडे पाहिलं, मी पायलकडे. आमच्यापैकी एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवरून औषध आणायला धावताना ती घसरली होती, तेव्हापासून गुडघा धरला होता, आणि ती तशीच चालत होती, हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

"काई नाई," वहिनी म्हणाली. "पाय मुरगळला होता."

"दाखव."

त्याने विळी बाजूला सारली. ती त्याच्यासमोर बसली, लुगडं थोडं वर केलं. गुडघा चांगलाच सुजलेला होता. भाऊने त्यावर हात ठेवला, आणि वहिनी एकदम रडायला लागली. रिपोर्ट आला तेव्हा नाही, सही केली तेव्हा नाही, ती आत्ता लहान पोरीसारखी हमसून रडायला लागली. भाऊ गोंधळला. त्याने हात उचलून घेतला.

"लय दुखून राहिलं का?" त्याने विचारलं.

"हव," रडता रडता ती म्हणाली. "लय दुखून राहिलं जी."